डीव्हीडीचं कुलूप, आपलं कपाट आणि कायदा

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, कारण विषय तुमच्या घरातला आहे.

टीव्हीखालच्या कपाटात किंवा माळ्यावरच्या खोक्यात प्लास्टिकचा एक डबा असेल बघा. त्यात लग्नाच्या सीडी, पोराच्या बारशाची डीव्हीडी, ‘३ इन १’ असं छापलेले हिंदी पिक्चर, एखादं मराठी नाटक, आजीसाठी आणलेलं कीर्तन. प्लेअर कधीच भंगारात गेला. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही. गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या तिघा-चौघांनी मला एकच प्रश्न विचारला, "हे पेनड्राइव्हवर उतरवून ठेवलं तर गुन्हा होतो का ओ?"

प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तरासाठी मात्र जरा मागं जावं लागतं. कारण ‘कॉपी होत नाही’ हे वाक्य डिस्कवर कुणी लिहिलं, का लिहिलं आणि ते किती टिकलं, ही गोष्ट मजेशीर आहे आणि ती अजून संपलेली नाही.

*

सुरुवात व्हीसीआरपासून. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या निमित्तानं देशात रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हिडिओ. भाड्यानं व्हीसीआर आणायचा, गल्लीतल्या सगळ्यांनी पैसे काढायचे, रात्रभरात तीन पिक्चर संपवायचे. चाळिशी-पन्नाशीतल्या सगळ्यांना हे आठवत असेल. सिनेमावाल्यांनी डोक्याला हात लावला आणि १९८४ मध्ये संसदेनं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली. व्हिडिओ कॅसेटवर निर्मात्याचं नाव-पत्ता, सेन्सॉर सर्टिफिकेटची प्रत हवी, नसेल तर गुन्हा. कॉपी विकताना सापडला तर कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. हे आकडे आजही कायद्यात तसेच आहेत.

टेपचा एक गुण होता. कॉपीची कॉपी काढली की चित्र फिकं व्हायचं. तिसऱ्या-चौथ्या कॉपीत हिरो कोण आणि व्हिलन कोण ते आवाजावरून ओळखावं लागायचं. म्हणजे नक्कलबाजीला निसर्गानंच लगाम घातला होता.

व्हीसीडीनं तो लगाम काढून टाकला. १९९३ मध्ये ठरलेलं हे तंत्र अमेरिकेत फारसं चाललंच नाही. चीनमध्ये आणि आपल्याकडे मात्र धो धो चाललं. एका डिस्कवर ७४ मिनिटं मावायची, म्हणून एक हिंदी पिक्चर दोन किंवा तीन डिस्कमध्ये यायचा. आणि व्हीसीडीला कुलूप नव्हतं. अजिबात नव्हतं. कॉम्प्युटरला रायटर बसवला, नीरो टाकलं, कोरी सीडी घातली की झालं काम. शंभरावी कॉपी पहिल्या कॉपीइतकीच स्वच्छ.

सोलापूरसारख्या गावात हे किती पसरलं असेल याचा विचार करा. मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी-उर्दू अशा चार भाषा इथं एका चौकात ऐकू येतात. पूर्व भागात यंत्रमागावर काम करणाऱ्या घरांना तेलुगू पिक्चर हवा, अक्कलकोटकडच्या माणसाला कन्नड, आणि टॉकीजला सगळंच लागत नाही. ही भूक व्हीसीडीनं भागवली. त्यातली किती ओरिजिनल आणि किती घरगुती, हे विचारत कोण होतं?

*

आता डीव्हीडी. १९९६ च्या अखेरीला जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत ती बाजारात आली. व्हीसीडीला कुलूप नसल्यानं काय होतं ते हॉलिवूडच्या डोळ्यांसमोर होतं. म्हणून स्टुडिओंनी अट घातली, कुलूप असेल तरच पिक्चर देऊ. त्या कुलपाचं नाव सीएसएस.

ते चालायचं कसं? बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात ना, एक तुमची आणि एक बँकेची, तसं. पिक्चर डिस्कवर सांकेतिक रूपात भरलेला. एक किल्ली डिस्कच्या एका खास पट्ट्यात लपवलेली, दुसरी परवाना घेतलेल्या प्लेअर कंपनीकडे. दोन्ही जुळल्या तरच चित्र दिसणार. कोऱ्या डीव्हीडीवर तो खास पट्टा आधीच बंद करून ठेवलेला असायचा. त्यामुळं तुम्ही फायली जशाच्या तशा कॉपी केल्या तरी किल्ली येत नसे. पडद्यावर नुसते हिरवे-जांभळे चौकोन. सायबर कॅफेत किंवा मित्राच्या कॉम्प्युटरवर हा प्रयोग करून बघितलेले खूप जण ही पोस्ट वाचत असतील!

दुसरी अडचण जागेची. ओरिजिनल डीव्हीडी बहुतेक वेळा दोन थरांची, ८.५ जीबीची. बाजारात स्वस्त मिळणारी कोरी डिस्क ४.७ जीबीची. पायली भरून धान्य आणि पिशवी अदलीची.

तिसरी अडचण प्रदेशाची. जगाचे तुकडे पाडून प्रत्येकाला नंबर दिला होता. अमेरिका १, भारत ५. अमेरिकेत नोकरीला गेलेल्या मुलानं आई-वडिलांसाठी तिथून डीव्हीडी आणली तर इथल्या प्लेअरवर ती चालेलच असं नाही. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये प्रदेश बदलता यायचा, पण फक्त पाच वेळा. पाचव्या बदलानंतर जिथं असाल तिथं कायमचे अडकलात. पैसे देऊन विकत घेतलेली डिस्क कुठल्या देशात बसून बघायची, हेही विकणाराच ठरवणार.

*

हे कुलूप अडीच-तीन वर्षांतच फुटलं. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्वेतल्या १५ वर्षांच्या यॉन लेख योहानसन या पोरानं, इंटरनेटवरच्या अनोळखी साथीदारांसोबत केलेला डीसीएसएस नावाचा छोटासा प्रोग्रॅम लोकांसमोर ठेवला. कुलूप मुळात कच्चं होतं. किल्लीची लांबी फक्त ४० बिट, कारण त्या काळी अमेरिकेतून त्याहून मजबूत सांकेतिक तंत्र निर्यात करायला बंधनं होती. त्यात एका प्लेअर सॉफ्टवेअरनं आपली किल्ली नीट लपवलीच नव्हती. एक किल्ली हाती लागली आणि सगळी कुलपं उघडी पडली.

योहानसनवर ऑस्लोत खटला चालला. त्याचं म्हणणं होतं, डिस्क माझी, कॉम्प्युटर माझा, मग बघायला अडवणारे तुम्ही कोण? जानेवारी २००३ मध्ये कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. सरकारी पक्षानं अपील केलं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेही फेटाळलं गेलं.

अमेरिकेत मात्र उलटं घडलं. तिथं १९९८ मध्येच कायदा झाला होता, की कॉपीराइट असलेल्या वस्तूचं डिजिटल कुलूप तोडणं आणि तोडायचं हत्यार विकणं हाच गुन्हा. तोडून काय केलंत, हा प्रश्न नंतरचा. मिसुरीतल्या ३२१ स्टुडिओज या कंपनीनं ‘डीव्हीडी एक्स कॉपी’ नावाचं सॉफ्टवेअर सरळ दुकानात विकायला ठेवलं. साध्या माणसासाठी बनवलेलं, दोन-चार बटणं दाबली की बॅकअप तयार. आणि त्यांनी स्वतःच अशी सोय केली होती, की त्या कॉपीची पुन्हा कॉपी निघू नये. फेब्रुवारी २००४ मध्ये कोर्टानं ते विकायला बंदी घातली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनी बंद झाली. पुढं रिअलनेटवर्क्स या मोठ्या कंपनीनं ‘रिअलडीव्हीडी’ आणलं, कॉपीवर आणखी भक्कम कुलूप लावून. २००९ मध्ये त्यांनाही कोर्टानं थांबवलं.

मग काम गेलं फुकटवाल्यांकडं आणि लांबच्या बेटांकडं. डीव्हीडी डिक्रिप्टर, डीव्हीडी श्रिंक ही नावं आपल्याकडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या पोरांनाही तोंडपाठ होती. एक कुलूप काढायचं, दुसरं ८.५ जीबीचा पिक्चर आवळून ४.७ मध्ये बसवायचं. डिक्रिप्टर बनवणाऱ्यानं २००५ मध्ये कायद्याच्या दबावाखाली काम सोडलं. कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वातून चालणारी एनीडीव्हीडीची कंपनी २०१६ पर्यंत टिकली.

आता हिशेब करा. कुलूप कुणासाठी अडथळा ठरलं? हजारो कॉपी काढून विकणारा सराईत माणूस चार दिवसही अडला नाही. अडला तो एकच डिस्क विकत घेऊन तिची एक जादा प्रत काढू बघणारा घरगुती माणूस.

*

आपल्याकडं या काळात काय चाललं होतं? तर गंमत अशी, की २०१२ पर्यंत भारतात डिजिटल कुलूप तोडण्याविरुद्ध कॉपीराइट कायद्यात कलमच नव्हतं. कॉपी विकणं गुन्हा होता, नुसतं कुलूप उघडणं नव्हता.

महाराष्ट्रानं दुसरी वाट धरली. १९८१ चा एमपीडीए कायदा आपल्याला क्राइमच्या बातम्यांतून माहीत आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती यांना खटला न चालवता वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करणारा. २००९ मध्ये त्यात ‘व्हिडिओ पायरेट्स’ घातले. म्हणजे सीडी विकणारा आणि हातभट्टीवाला एकाच ओळीत! त्या कायद्याचं पूर्ण मराठी नाव बातमीत लिहायचं तर अर्धा कॉलम जातो.

त्या काळातली ‘बनावट सीडी जप्त’ ही बातमी मीही लिहिली आहे. साचा ठरलेला असायचा. इतक्या डिस्क, इतक्या रुपयांचा मुद्देमाल, एकाला अटक. तो एकजण बहुतेक वेळा पंचविशीच्या आतला, गाडा लावणारा पोरगा असायचा. डिस्क कुठं छापल्या, मूळ प्रत कुणी फोडली, हे बातमीत कधी येत नसे.

इथं एक बाजू स्पष्ट मांडतो, नाहीतर कमेंटमध्ये म्हणाल की पत्रकार चोरांची वकिली करतोय. नकलेचा मार काय असतो हे सोलापूरला शिकवायची गरज नाही. आपल्या चादरीला जीआय मानांकन आहे, तरी ‘सोलापुरी’ म्हणून बाहेरची हलकी चादर विकली जाते आणि इथल्या मागवाल्याचं पोट मारलं जातं. पिक्चरचंही तेच. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ लागला. नागराज मंजुळे आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, पिक्चरही तिकडच्याच मातीत घडलेला. थोड्याच दिवसांत त्याच्या चोरट्या प्रती मोबाइलवरून फिरू लागल्या. ‘सैराट’ त्यातूनही शंभर कोटींच्या घरात गेला. पण ज्या छोट्या मराठी निर्मात्याचा पिक्चर एकच आठवडा टॉकीजला असतो, त्याचं काय? तो त्यातून उठत नाही. चोरी ती चोरीच.

फक्त ‘सैराट’च्या त्या प्रती डीव्हीडीचं कुलूप फोडून आल्या नव्हत्या. तेव्हा डीव्हीडी निघालीच नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी फुटला, तेव्हा त्या प्रतीवर ‘सेन्सॉरसाठी’ अशी इंग्रजी पट्टी होती. चोर तिजोरी फोडून येत नव्हता, आतल्या दारानं येत होता.

पायरसीला खरा धक्का एकदाच बसलेला आपण बघितला, तो किमतीचा. दिल्लीच्या मोजर बेअर कंपनीनं २००७ च्या सुमारास ओरिजिनल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली. त्याआधी ओरिजिनल डीव्हीडीला काही शे रुपये पडायचे. ३४ रुपयांत झकास प्रिंट मिळत असेल तर गाड्यावरची खराब डिस्क कशाला घ्यायची? लोकांनी भरभरून घेतल्या. तुमच्या डब्यातल्या निम्म्या डिस्क त्याच असतील. पुढं इंटरनेट आलं, मोबाइल डेटा स्वस्त झाला, डिस्कचा धंदाच आटला. कर्जात बुडालेली ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली.

*

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. मी वकील नाही. पण कायद्याची कलमं कुणालाही वाचता येतात.

२०१२ च्या दुरुस्तीनं, त्या वर्षी २१ जूनपासून, कॉपीराइट कायद्यात ६५ अ हे कलम आलं. डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण आपल्या संसदेनं अमेरिकेची नक्कल केली नाही. कलमात चार शब्द महत्त्वाचे आहेत. हक्कभंग करण्याच्या ‘उद्देशानं’ कुलूप तोडलं तर गुन्हा. शिवाय पुढं लिहिलंय, की कायद्यानं जे मना केलेलं नाही त्यासाठी कुलूप उघडायला या कलमाची आडकाठी नाही.

मग मना काय नाही? कलम ५२ बघा. स्वतःच्या खासगी वापरासाठी ‘रास्त वापर’ चालतो. २०१२ च्या आधी ही सवलत पुस्तक, नाटक, संगीत, चित्र यांनाच होती, सिनेमाला नव्हती. त्या वर्षीच ती कॉम्प्युटर प्रोग्रॅम सोडून सगळ्या कलाकृतींना लागू झाली. प्रोग्रॅमच्या बॅकअपसाठी वेगळं कलम आधीपासून आहेच.

यावरून डब्यातल्या डिस्कचे चार गठ्ठे करा.

पहिला गठ्ठा, लग्न-मुंज-बारसं. पैसे देऊन शूटिंग करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ प्रमाणं त्या चित्रीकरणाचे पहिले मालक तुम्ही. फोटोग्राफर नाही. बिनधास्त कॉपी करा.

दुसरा, विकत घेतलेले ओरिजिनल. स्वतःच्या घरात बघायला एक प्रत काढणं, माझ्या वाचनाप्रमाणं, रास्त वापरात बसतं. ती प्रत दुसऱ्याला विकली, ग्रुपवर टाकली, केबलवर लावली की संपलं. तो गुन्हा.

तिसरा, गाड्यावरून घेतलेल्या. मुळातच चोरीचा माल. त्याची कॉपी काढून तो पवित्र होत नाही.

चौथा, जुने पिक्चर. आपल्याकडं सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर व्ही. शांताराम यांनी काढलेला ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ १९४६ चा. तो २००७ पासून सगळ्यांचा आहे. १९५३ चा ‘श्यामची आई’ २०१४ पासून. त्यांच्या डिस्कला कुलूप असलं तरी आत राखायला सिनेमाचा कॉपीराइट उरलेला नाही.

एक गोष्ट दुकानदार मित्रांसाठी. दुसऱ्याला कायदेशीर कारणासाठी कुलूप उघडून देणाऱ्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची, असं ६५ अ मध्येच लिहिलंय. म्हणजे ‘डीव्हीडी टू पेनड्राइव्ह’चा बोर्ड लावला असेल तर एक रजिस्टरही ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

*

आता जे मला खरं सांगायचंय ते.

घरात रायटरवर भरलेली डिस्क ही रंगाच्या थरावर लिहिलेली असते. उष्णतेनं, उजेडानं तो थर मरतो. कंपनीत छापलेल्या डिस्कपेक्षा ती लवकर जाते. आणि आपल्या गावात उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसला टेकतो, त्यात माळ्यावरचं खोकं. २००० ते २०१० या दहा वर्षांतलं सोलापूर अशाच डिस्कवर आहे. लोकल केबलच्या बातम्या, गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, हुतात्मा स्मृती मंदिरातली नाटकं, यंत्रमाग कामगारांचे मोर्चे. २००३ च्या जानेवारीत सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले, तेव्हाचं स्थानिक कॅमेऱ्यांनी टिपलेलं चित्रीकरण आज कुणाच्या कपाटात आहे? ते चालतं का अजून?

याच महिन्यात, जानेवारी २००३ मध्ये, पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि आपल्या सिनेमाचा अनमोल ठेवा जळून गेला. ती आग दिसली, बातमी झाली. डिस्क मरतात तेव्हा धूर होत नाही.

आणि इथं कायद्यात एक भोक आहे. सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत करून ठेवायची मुभा २०१२ मध्ये मिळाली, पण कलमात अट आहे, ग्रंथालयाकडं त्या कलाकृतीची ‘डिजिटल नसलेली’ प्रत हवी. म्हणजे पुस्तक चालेल, व्हिडिओ टेप चालेल. डीव्हीडी मुळातच डिजिटल, त्यामुळं ती या सवलतीत बसत नाही! जिची कंपनी बंद पडली, जी पुन्हा कधी निघणार नाही, अशा नाटकाची डिस्क ग्रंथालयाच्या कपाटात सडू द्यायची आणि बघत बसायचं. २०१२ ला हे सुचलं नसेल, आज सुचायला हवं. आपले खासदार, आमदार, ग्रंथालय संघवाले या पेजवर आहेत. हे एका शब्दाच्या दुरुस्तीचं काम आहे, विषय लावून धरा.

आज ओटीटीवर आपण काहीच विकत घेत नाही, भाड्यानं बघतो. डाउनलोड केलेलं महिन्याभरात आपोआप पुसलं जातं, पिक्चर काढून टाकला तर कुणाकडं दाद मागणार? त्या जमान्यात तुमच्या डब्यातली डिस्क ही तुमच्या मालकीची शेवटची वस्तू आहे. कुलूप होतं म्हणून तिला हात लावायला घाबरू नका.

या रविवारी डबा खाली काढा. ज्याच्याकडं चालू डीव्हीडी ड्राइव्ह आहे त्यानं कमेंटमध्ये सांगा, म्हणजे शेजारपाजारचे लोक येतील. आधी स्वतःच्या घरातलं आणि गावातलं उतरवा, हिंदी पिक्चर नंतर. दोन ठिकाणी ठेवा. आणि कुणाकडं जुन्या लोकल केबलच्या, यात्रेच्या, नाटकाच्या डिस्क असतील तर फेकू नका, मला इनबॉक्समध्ये फक्त एवढं कळवा, काय आहे आणि कुठल्या वर्षाचं. यादी तरी करू. पुढचं पुढं.